मलावी सरोवराला जाताय? न्खोटाकोटाला एक पूर्ण दिवस द्या

मलावी सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण ४७४ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या सोलापूरच्याच उंचीला. साम्य एवढंच. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आणि या एका सरोवराचं २९,६०० च्या आसपास. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा अख्खा जिल्हा दोनदा पाण्याखाली घाला, तेव्हा कुठे हे सरोवर भरतं. लांबी ५८० किलोमीटरच्या घरात, रुंदी जास्तीत जास्त ७५, खोली सुमारे ७०० मीटर. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही सव्वादोनशे मीटर खाली गेला. उजनीच्या फुगवट्यावरून नजर फिरवून 'केवढं हे पाणी' म्हणणाऱ्यांनी इथे जरा बेतानं बोलावं.

पश्चिम आणि दक्षिण किनारा मलावीचा, पूर्वेचा काही भाग मोझांबिकचा, ईशान्येचा टांझानियाचा. टांझानियात याला अजून 'न्यासा' म्हणतात. याओ भाषेत न्यासा म्हणजेच सरोवर, त्यामुळे 'न्यासा सरोवर' म्हणजे 'सरोवर सरोवर'. आपण सिंधू नदी म्हणतो त्यातलाच प्रकार.

पॅकेज टूरवाले या सरोवराचा कार्यक्रम ठरलेला आखतात: दक्षिण टोकाजवळच्या केप मॅक्लिअरच्या वाळूवर चार रात्री आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या न्खोटाकोटा गावात एका झाडाखाली वीस मिनिटं. ते झाड डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचं म्हणून दाखवतात, फोटो होतो, गाडी निघते. आमच्या मते वेळेची ही वाटणीच चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकात हे सरोवर पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं मोठं उगमस्थान होतं, आणि आज जिथे हॉटेलं उभी आहेत त्यातल्या बऱ्याच खाड्या तेव्हाही गजबजलेल्या होत्या. कारणं तीच. वाऱ्याला आडोसा, होडी वर ओढता येईल अशी वाळू, पाठीमागे धान्य पिकवणारं सपाट रान. पर्यटकाला जे हवं ते सगळं व्यापाऱ्यालाही हवं होतं. हे डोक्यात ठेवून गेलं तर किनारा वेगळाच दिसायला लागतो.

कधी जायचं

सोलापूरच्या माणसाला दोनच सुट्ट्या हाताशी असतात, मे महिना आणि दिवाळी. दिवाळी निवडा. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबरअखेरीला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा गरम असतो, पण आपल्या मेपुढे ती उष्णता काहीच नाही. वारा पडलेला असतो आणि पाणी वर्षातलं सर्वांत नितळ. आंबेही तेव्हाच पिकायला लागतात.

मे महिनाही चालतो. हवा थंड आणि कोरडी, डोंगर हिरवे. अडचण वाऱ्याची. मेपासून ऑगस्टपर्यंत आग्नेयेकडून 'म्वेरा' नावाचा वारा वाहतो. सरोवराची लांबी दक्षिणोत्तर असल्यामुळे या वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी मिळतं आणि लाटा समुद्रासारख्या उठतात. सकाळी काचेसारखं दिसणारं पाणी दुपारी होडी उलटवू शकतं. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या उजनीतच वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, हे सोलापूरकरांना सांगायला नको. तिथला होडीवाला 'आज नको' म्हणाला तर पैसे वाया गेले म्हणून हुज्जत घालू नका. आणि लाइफ जॅकेट होडीत पडलेलं असून उपयोग नाही, ते अंगात हवं.

'इलाला' नावाची जुनी प्रवासी बोट या सरोवरावर १९५१ पासून आहे. ग्लासगोला बांधली, सुटी करून आणली आणि किनाऱ्यावर पुन्हा जोडली. रोमँटिक वाटते खरी, पण दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहण्याची तिला सवय आहे. तिच्या वेळापत्रकावर परतीचं विमान बांधून ठेवू नका.

कसं जायचं, काय न्यायचं

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे मलावीची राजधानी लिलाँग्वे. विमान त्याच दिवशी असेल तर ते दुपारनंतरचंच घ्या. गाडी दोन तास उशिरा पोचली की सीएसएमटीपासून विमानतळापर्यंतचा सकाळचा ट्रॅफिक उरलेलं काम करतो.

पिवळ्या तापाची लस याच टप्प्यात ठरते. मलावीत तो ताप नाही, पण इथिओपिया आणि केनिया दोन्ही जोखमीच्या यादीत आहेत. तिथे मुक्काम झाला, विमान चुकून शहरात रात्र काढावी लागली, तर मलावीत शिरताना आणि परत मुंबईत उतरताना लसीचं पिवळं कार्ड मागितलं जातं. नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस एकदाच, आयुष्यभराची, पण प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं ते टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि ती अशी केंद्रं पुण्या-मुंबईत आहेत. त्यामुळे निदान महिनाभर आधी एक फेरी धरा. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. तिकीट काढण्याआधी मलावी सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरच पाहा, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका.

मलेरियाचं हसण्यावारी नेऊ नका. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूवर जाणारा, आणि तो बाराही महिने असतो. क्लोरोक्विन तिथे निरुपयोगी. डॉक्सिसायक्लिन सोलापुरात कुठेही मिळतं. जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज एक, आणि परतल्यावर आणखी चार आठवडे. लोक चुकतात ते इथेच. घरी आलो, संपलं, म्हणून गोळ्या थांबवतात आणि पंधरा दिवसांनी ताप येतो. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. या गोळीने उन्हात कातडीही लवकर भाजते. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बायकांना ती चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरं औषध डॉक्टरच ठरवतील.

पैशांचं म्हणाल तर डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या. देशात परकीय चलनाची चणचण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, एकदम ४४ टक्के अवमूल्यन झालं होतं. पेट्रोलची टंचाईही अधूनमधून येते, तेव्हा गाडी घेतली तर अर्धी टाकी झाली की भरा. एटीएमचं काम सालिमा किंवा मांगोचीत उरका, केप मॅक्लिअरला पोचल्यावर नाही. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना करून घेतला तर स्वतः चालवता येते. फक्त अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. रात्री रस्त्यावर बिनदिव्याच्या सायकली, शेळ्या आणि चालणारी माणसं असतात. वीज जाते. लोडशेडिंग काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्लग मात्र चौकोनी तीन पिनांचा लागतो.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. मुख्य जेवण म्हणजे 'न्सिमा', मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि कालवणात बुडवायचा. सोबत 'न्येम्बा' म्हणजे घेवड्यासारखं कडधान्य, किंवा भोपळ्याची पानं. ही पानं शेंगदाण्याचं कुटलेलं पीठ घालून शिजवलेली मागा, त्या पिठाला 'न्सिंजिरो' म्हणतात. शेंगाचटणीवर वाढलेल्या जिभेला हे पहिल्या घासात ओळखीचं लागतं, फक्त तिखट नाही. तिखटासाठी 'नाली' नावाचा मिरचीचा सॉस प्रत्येक टेबलावर असतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद पाकिटात नेलीत तर चार-पाच दिवसांच्या न्याहारीची सोय होते.

न्खोटाकोटा

लिलाँग्वेहून सालिमा शंभर किलोमीटर, सगळा घाट उतरणीचा. सालिमाहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला न्खोटाकोटा आणखी ११० किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचा, दोन रात्री राहा. पहिली संध्याकाळ काही न बघता नुसतं बंदरावर बसण्यात घालवा.

१८४० च्या दशकात हिंदी महासागराच्या किनारपट्टीवरून सालीम बिन अब्दल्ला नावाचा स्वाहिली-अरब व्यापारी इथे आला आणि त्याने बस्तान बसवलं. त्याला आणि त्याच्या वारसांना 'जुम्बे' म्हणत. आतल्या मुलखातून हस्तिदंत आणि माणसं गोळा व्हायची. इथे ती कोंडून ठेवायची, पुरेशी झाली की ढाऊ नावाच्या शिडाच्या होड्यांत भरून सरोवराच्या पूर्व किनाऱ्याला उतरवायची. तिथून हिंदी महासागरावरचं किल्वा बंदर सरळ रेषेत मोजलं तरी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. वाट सरळ नव्हती आणि पायीच जायचं होतं, त्यामुळे तीन-चार महिने लागत. किल्व्याहून पुन्हा जहाज, झांझिबारचा बाजार. झांझिबारमधले ब्रिटिश प्रतिनिधी रिग्बी यांच्या हवाल्याने लिव्हिंग्स्टनने जो आकडा दिला तो असा: एकट्या न्यासा प्रदेशातून वर्षाला १९,००० गुलाम झांझिबारच्या जकातनाक्यावरून जातात. वाटेत मेलेले यात धरलेले नाहीत.

माणसं बांधायची पद्धत सोलापूरच्या ग्रामीण भागातल्या कुणालाही दोन शब्दांत सांगता येते: लोढणं. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, म्हणजे ते पळू शकत नाही. इथे सहा-सात फूट लांबीची फांदी तोडायचे, एका टोकाला बेचकं असलेली. बेचक्यात माणसाची मान घालायची आणि गळ्यासमोरून लोखंडी सळई आरपार ठोकायची. दुसरं टोक पुढच्या किंवा मागच्या माणसाच्या फांदीला बांधायचं. झोपतानाही ते निघत नसे. पळायचं म्हटलं तर एकट्याला ते जड लाकूड गळ्यात घेऊन दाट गवतातून पळणं अशक्य. सुतारकाम लागत नाही, कुलूप लागत नाही, हत्यार म्हणून जंगलातलं कुठलंही झाड चालतं. इतकी स्वस्त यंत्रणा होती म्हणून ती इतकी चालली. मलावीतल्या संग्रहालयांत किंवा जुन्या चित्रांत हे लाकूड दिसलं तर बेचक्याच्या रुंदीकडे बघा. ती मोठ्या माणसाच्या मानेची असते. लहान मुलांच्या मानेत ते बसायचं नाही.

प्रत्यक्ष बघायला काय आहे? खरं सांगायचं तर वास्तू म्हणून फार थोडं. जुम्बेची वस्ती माती, वासे आणि गवताची होती, ती राहणं शक्यच नव्हतं. ऑल सेंट्स चर्चच्या आवारात जुनी झाडं आहेत. १८६१ आणि १८६३ मध्ये लिव्हिंग्स्टन इथे आला आणि जुम्बेला भेटून हा व्यापार थांबवायला सांगू पाहत होता, ती भेट अशाच एका झाडाखाली झाल्याचं सांगतात. जुम्बेने अर्थातच व्यापार थांबवला नाही. त्याच आवारात चॉन्सी मेपल्स या बिशपची कबर आहे. तो १८९५ च्या सप्टेंबरमध्ये याच सरोवरात होडी बुडून मेला. आधी वाऱ्याबद्दल लिहिलं ते पुन्हा आठवा.

किनाऱ्यावर ठिकठिकाणी 'लिव्हिंग्स्टनने सरोवराचा शोध लावला, १८५९' असा सूर लागलेला असतो. तो १८५९ च्या सप्टेंबरात दक्षिण टोकाला पोचला हे खरं, पण तेव्हा जुम्बेच्या ढाऊ होड्यांना या पाण्यात दशकाहून जास्त काळ लोटला होता. शोध हा शब्द तेवढ्या मापाने घ्या.

या सगळ्यासाठी स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याचा दर निघण्याआधी ठरवा. तो नसेल तर तुम्हाला एक चर्च, काही झाडं आणि मासळी सुकवायचे मांडव दिसतील आणि 'यात काय बघायचं' म्हणत तुम्ही परत याल. तो असेल तर ढाऊ कुठे लागत, वाट कुठून येई, बाजार कुठे भरे, हे जागेवर उभं राहून कळतं. इथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. इस्लाम या भागात मुख्यतः त्याच व्यापाराच्या वाटेने आला. गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. आणि एक प्रश्न अजिबात विचारू नका: 'तुमचे पूर्वज गुलाम होते की पकडणारे?' दोघांचेही वंशज एकाच आळीत राहतात, त्यांच्यात सोयरिकी झालेल्या आहेत. भेटल्यावर 'मुली ब्वांजी' म्हणा, समोरचा 'न्दिली ब्वीनो' म्हणेल. निघताना 'झिकोमो', म्हणजे आभार. फोटो त्यानंतर, विचारून.

गावाच्या पश्चिमेला न्खोटाकोटा अभयारण्य आहे. शिकारीने जवळजवळ ओसाड पडलेल्या या जंगलात २०१६-१७ मध्ये मलावीतल्याच लिवोंडे आणि माजेते या जंगलांतून ५०० हत्ती आणून सोडले. ज्या वाटेने हस्तिदंत गेलं त्याच वाटेवरचं हे रान, म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ इथे घालवायला हरकत नाही. हत्ती दिसतीलच असं मात्र नाही, झाडी दाट आहे.

कापड, आणि नाशिकचा शरणपूर रोड

हा भाग गाइड सांगत नाहीत, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

या व्यापारात नाणं चालत नसे. चालायचं ते कापड. अमेरिकेहून येणारं जाडं कोरं कापड 'मेरिकानी', आणि हिंदुस्थानातून येणारं निळीत रंगवलेलं 'कानिकी'. मोजमाप हातावर, जसं आपल्याकडे कापड हातावर मोजायचे. चार हात म्हणजे एक 'शुक्का', आठ हात, म्हणजे सुमारे चार यार्ड, एक 'दोती'. दोती हा शब्द आपल्या धोतीवरूनच स्वाहिलीत गेला. वाटेतल्या प्रमुखांना कर द्यायचा तो कापडात, हमालांची मजुरी कापडात, आणि माणसाची किंमतही कापडात. सोलापूर हे चादरी-टॉवेलचं गाव, तेव्हा हे वाचून पुढे जाणं जरा अवघड जातं.

तांड्यांना हा माल उधारीवर देणारे झांझिबारचे सावकार मोठ्या प्रमाणात कच्छी होते: भाटिया, खोजा, बोहरा. जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे कित्येक दशकं झांझिबारच्या जकातीचा मक्ता होता. परतीचं हस्तिदंत मुंबईच्या बाजारात यायचं, त्याचे चुडे व्हायचे. झांझिबारमधल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या घरांत गुलाम होते, आणि याच रिग्बीने १८६० च्या सुमाराला ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना ते सोडायला लावले. 'आपला काय संबंध' असं म्हणायला जागा उरत नाही. झांझिबारचा बाजार १८७३ च्या तहाने बंद झाला. सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली १८७७ ला, म्हणजे केवळ चार वर्षांनी. इतकं ते जवळचं आहे.

दुसरा धागा उलट दिशेने येतो. सरोवरावर गस्त घालण्यासाठी लिव्हिंग्स्टनने 'लेडी न्यासा' नावाची वाफेची बोट बांधून घेतली. ती सरोवरापर्यंत पोचलीच नाही, शिरे नदीवरचे धबधबे आडवे आले. शेवटी १८६४ मध्ये ती छोटी बोट तो स्वतः हाकत हिंदी महासागर ओलांडून मुंबईला घेऊन आला आणि पुढे मुंबईतच ती विकली. सोबत चुमा नावाचा याओ मुलगा होता, १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला. तो मुंबईत शाळेत राहिला. नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांनी सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम आणि शाळा चालवली होती. जहाजांवरून सुटलेली मुलं तिथे सुतारकाम-लोहारकाम शिकत. लिव्हिंग्स्टनने शेवटच्या मोहिमेसाठी तिथून नऊ जण घेतले. १८७३ मध्ये तो मेल्यावर त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत चुमा होता आणि नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइटही. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही.

तिसरा धागा बंदुकीचा. १८९१ मध्ये ब्रिटिशांनी सरोवराकाठच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांवर जी पहिली फौज आणली तीत सुमारे ७० हिंदी सैनिक होते. त्यात शीख पायोनियर होते आणि हैदराबाद कंटिन्जंटचे घोडेस्वार होते, म्हणजे सोलापूरहून नळदुर्गाकडे निघालं की लागणाऱ्या तेव्हाच्या निजामाच्या मुलखाची फौज. त्यांचा कप्तान मॅग्वायर त्याच डिसेंबरात माकांजिरा या प्रमुखाच्या किनाऱ्यावर मारला गेला. उत्तरेला कारोंगाचा गुलामांचा व्यापारी म्लोझी १८९५ च्या डिसेंबरात फाशी गेला, तेव्हा कुठे हा व्यापार खऱ्या अर्थाने मोडला. झांझिबारच्या तहानंतर तब्बल २२ वर्षांनी. व्यापार मोडणाऱ्यांनीच दर झोपडीमागे कर बसवला आणि तो फेडायला लोकांना मळ्यांवर राबावं लागलं, हेही त्याच गोष्टीत येतं. मांगोचीत, म्हणजे जुन्या फोर्ट जॉन्स्टनला, सरोवराचं छोटं संग्रहालय आहे, तिकडे वळलात तर पाहून घ्या. कारोंगा मात्र नऊ-दहा दिवसांच्या सहलीत घालू नका. फार लांब पडतं.

केप मॅक्लिअर आणि पाण्याचं गणित

न्खोटाकोटाहून पुन्हा सालिमा, तिथून दक्षिणेला. वाटेत मुआ मिशनचं संग्रहालय दोन तासांसाठी उतरण्यासारखं आहे. दिवसभराचा प्रवास धरा. केप मॅक्लिअरचा चेम्बे गाव १९८४ पासून जागतिक वारसा असलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. १८७५ मध्ये इथे लिव्हिंग्स्टनिया मिशन सुरू झालं आणि मलेरियाने माणसं जायला लागल्यावर १८८१ मध्ये उत्तरेला बांडावे या गावी हललं. गावामागे त्यांच्या कबरी आहेत. सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन या, आणि परत येऊन गोळी घ्या.

पाण्यात मासे म्हणजे रंगांची उधळण. सोलापुरात मत्स्यालयाच्या दुकानांत 'मलावी सिक्लिड' म्हणून विकतात ते निळे-पिवळे मासे मुळचे इथले. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे हे 'म्बुना'. मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि एका बेटाभोवतीचे मासे पलीकडच्या बेटापेक्षा वेगळ्या रंगाचे असतात. कारण मधलं खोल मोकळं पाणी ते ओलांडत नाहीत. थुम्बी वेस्ट बेट आणि ऑटर पॉइंट इथे फक्त मास्क आणि नळी घेऊन पोहलं तरी पुरे. पायात रबरी बूट हवेत, खडक धारदार आहेत.

स्कूबा करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाणी गोडं आहे, त्यामुळे समुद्रात लागतं त्यापेक्षा कमरेचं वजन कमी लागतं. मालवणला शिकलेले लोक सवयीने तेवढंच बांधतात आणि दगडासारखे खाली जातात. दुसरं, आपण समुद्रसपाटीवर नाही, ४७४ मीटरवर आहोत. डाइव्ह कॉम्प्युटर उंचीच्या सेटिंगवर आहे का बघा. आणि शेवटच्या डाइव्हच्याच दिवशी लिलाँग्वेची वाट धरू नका. ते हजार मीटरच्या वर आहे, डेड्झाच्या बाजूने गेलात तर रस्ता त्याहून चढतो. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. या पाण्यात बिलहार्झिया आहे. गोगलगायींतून सुटणाऱ्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. केप मॅक्लिअरला हा त्रास १९८० च्या दशकापासून वाढला, आणि अभ्यासकांच्या मते त्यामागे मासेमारी आहे: किनाऱ्याजवळ गोगलगायी खाणारे मासे जाळ्यांनी संपवले, गोगलगायी फोफावल्या. 'आमच्या बीचवर नाही' असं प्रत्येक हॉटेलवाला सांगतो. गावाजवळचं उथळ, संथ, लव्हाळ्याचं पाणी टाळा. तिथे मगर आणि पाणघोड्याचीही भीती असते. बेटांच्या खडकाळ, खोल कडेला पोहा, तिथे जोखीम कमी, शून्य नाही. बाहेर येताच टॉवेलने खसाखसा पुसल्याने थोडाफार फायदा होईल, भरवसा नाही.

सोलापूरच्या डॉक्टरला हा आजार सहजासहजी सुचणार नाही, कारण भारतात तो जवळपास नाहीच. गंमत म्हणजे त्याचं जे एक ठिकाण नोंदलं गेलं ते महाराष्ट्रातलंच, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी गाव, १९५२ मध्ये. म्हणून तुम्हीच सांगा: 'मलावी सरोवरात पोहलो होतो.' लघवीत रक्त, अंगावर पित्त उठल्यासारखं होणं, आठवडे रेंगाळणारा ताप, यातलं काही झालं तर थांबू नका. ताप असेल तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी.

काही झालं नाही तरी तपासणी करायचीच. उपचार सोपा आहे, प्राझिक्वान्टेल, साधारण शरीराच्या वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण उतरल्या उतरल्या घेतली तर फुकट जाते, कारण कोवळ्या जंतांवर तिचा परिणाम होत नाही. पाण्यातून शेवटचं बाहेर आल्यावर निदान सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्याला परतलात तर आठ आठवडे भरतात ते जानेवारीच्या मध्याला, ऐन सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत विसरायला होईल, तेव्हा अक्षता सोहळ्याच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये आत्ताच 'रक्त-लघवी तपासणी, गोळी' असं लिहून ठेवा.